सतरा उपकरणांची यादी: विक्रोळीतील एका घरच्या वायफायचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरातील एका जुन्या म्हाडा इमारतीतले आहे. घर दोन खोल्यांचे आणि माणसे चार: निवृत्त वडील, आई, एका विमा कंपनीत नोकरी करणारी व आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करणारी मुलगी, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा. वडिलांचे वडील, ज्यांना सारी इमारत अण्णा म्हणत असे, २०२२ मध्ये वारले. त्यांचा या हकिकतीशी काही संबंध आहे हे आम्हाला अगदी शेवटी कळले. मी या कुटुंबाचा जुना स्नेही असून संगणक जाळ्यांच्या देखभालीचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून मला बोलावणे आले. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरात इंटरनेटची जोडणी २०१९ मध्ये आली. त्या वेळी वायफायचा पासवर्ड म्हणून वडिलांचा मोबाइल क्रमांक ठेवला गेला, कारण तो सगळ्यांना पाठ होता. वडील सोसायटीचे खजिनदार असल्यामुळे हाच क्रमांक खालच्या सूचनाफलकावरही लिहिलेला आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राउटर बिघडला आणि नवा बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने, घरातील एकेक यंत्र पुन्हा जोडत बसावे लागू नये म्हणून, जाळ्याचे जुने नाव आणि जुनाच पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरला. त्यामागचा हेतू चांगला होता. परंतु नाव आणि पासवर्ड तेच राहिले की पूर्वी कधीतरी जोडले गेलेले प्रत्येक यंत्र, ते कोणाचेही असो, कोणालाही न विचारता पुन्हा जोडले जाते. राउटर बदलला म्हणजे कुलूप बदलले असे घरच्यांना वाटत राहिले. प्रत्यक्षात कुलूप तेच होते.

प्रश्न कसा पुढे आला

पावसाळ्याच्या सुरुवातीला मुलीच्या रात्रीच्या बैठकांमध्ये चित्र गोठू लागले. नऊ ते अकरा या वेळात त्रास अधिक होई. आधी पावसाला दोष दिला गेला, मग तक्रार नोंदवली गेली. तपासणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने राउटरचे पान उघडले आणि सहज म्हणाला, “ताई, तुमच्याकडे सतरा उपकरणं जोडलेली दिसतायत.” घरच्यांनी मोजली तर नऊच होत होती: चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा आणि प्रिंटर.

उरलेल्या आठ नोंदींनी त्या रात्री घराची झोप उडवली. त्यांपैकी एका नोंदीपुढे एका चिनी कंपनीचे नाव होते, दोनतीन नोंदींपुढे केवळ अंक आणि अक्षरे होती. वडिलांचे बँकेचे व्यवहार याच जोडणीवरून होत असल्यामुळे पैशांची भीती पहिली आली. आईचा संशय मात्र वरच्या मजल्यावरील एका कुटुंबावर गेला, कारण पाण्याच्या वेळेवरून त्यांच्याशी पूर्वी वाद झाला होता. पुरावा काहीच नव्हता.

मुलाने त्याच रात्री, कोणाशी फारसे न बोलता, आठही नोंदी राउटरमधून अडवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन जोडला जाईना, आणि स्वयंपाकघरात आई ज्या जुन्या फोनवर अभंग लावते तोही बंद पडला. त्याहून विचित्र गोष्ट अशी की, रात्री नऊनंतर यादीत पुन्हा दोन अनोळखी नोंदी उगवल्या, आणि त्यांचे पत्ते आदल्या रात्रीच्या पत्त्यांपेक्षा वेगळे होते. तेव्हा मुलाने मला फोन केला. “काका, ब्लॉक केलेलं परत कसं येतं?” हा त्याचा पहिला प्रश्न होता.

अडवलेले यंत्र परत का येते

या प्रश्नाचे उत्तर समजल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय नीट घेता आला नसता, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

वायफाय असलेल्या प्रत्येक यंत्राला मॅक अ‍ॅड्रेस नावाचा बारा चिन्हांचा पत्ता असतो. त्यातील पहिली सहा चिन्हे साधारणपणे यंत्र किंवा त्यातील चिप बनवणाऱ्या कंपनीची असतात, आणि राउटर त्यावरूनच कंपनीचे नाव दाखवतो. परंतु माणसाचा माग काढला जाऊ नये म्हणून अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन आपला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता वापरू लागले, आणि तोही जाळ्याच्या प्रत्येक नावासाठी वेगळा. या घरात वायफायच्या लहरींच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावे होती. त्यामुळे एकच फोन एकदा या नावावर आणि एकदा त्या नावावर गेला की यादीत दोन माणसांसारखा दिसे. मुलाने अडवला तो फोनचा एक पत्ता. फोन दुसऱ्या नावावर दुसरा पत्ता घेऊन आला. त्यासाठी फोनच्या मालकाला काहीच करावे लागले नाही, किंबहुना आपल्याला कोणी अडवले आहे हे त्याला कळलेही नसावे.

असा बनावट पत्ता ओळखण्याची एक सोपी खूण आहे, ती मुलाला दाखवली तेव्हा त्याचा चेहरा उजळला: पत्त्यातील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कंपनीने दिलेला नसून यंत्राने स्वतः घेतलेला असतो. शिवाय राउटरची यादी म्हणजे या क्षणी घरात कोण आहे याची हजेरी नव्हे. राउटर प्रत्येक यंत्राला घरापुरता एक अंतर्गत पत्ता देतो, तो वरच्या बारा चिन्हांच्या पत्त्याहून वेगळा. एकदा दिलेला हा पत्ता ठरावीक काळ, बहुधा एक दिवस, राखून ठेवला जातो, म्हणून निघून गेलेले यंत्रही बराच वेळ यादीत दिसत राहते.

समोरचे पर्याय

शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र बसलो. पासवर्ड ताबडतोब बदलावा असे मुलीचे म्हणणे होते, आणि बहुतेक घरांत तोच योग्य पहिला उपाय ठरेल. माझे मत थोडे वेगळे पडले. पासवर्ड बदलला की सगळीच यंत्रे एकदम बाहेर पडतील आणि कोण कोण आत होते हे कधीच समजणार नाही. दोनतीन दिवस थांबल्याने फारसे बिघडणार नसेल, तर आधी ओळख पटवावी. या मतात जोखीम होती हे मान्य करतो. घरातून पैसे गेल्याची किंवा खाते कोणी उघडल्याची किंचितही खूण असती तर मी उलटा सल्ला दिला असता: आधी जोडणी बंद, मग बँक, मग १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक. वडिलांचे खाते आम्ही व्यवहारानुसार तपासले, तेथे काही वावगे नव्हते, म्हणूनच थांबण्याची मुभा मिळाली.

मुलाने सुचवलेला दुसरा मार्ग जाळ्याचे नाव लपवण्याचा होता. त्याचा उपयोग जवळजवळ नसतो, कारण नाव लपवले तरी जोडलेली यंत्रे ते हवेत उच्चारत राहतात आणि साधी साधने ते टिपतात.

वडिलांच्या मनात पोलिसांत तक्रार करण्याचा विचार होता. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक जाळ्यात शिरणे येते, आणि ते अप्रामाणिक हेतूने केले असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वडिलांची चिंता मात्र शिक्षेची नव्हती, जबाबदारीची होती. मुंबईकरांच्या स्मरणात २००८ आहे. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी गेलेला ई-मेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या वायफायवरून पाठवला गेल्याचे आढळले आणि त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. पुढे माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधील एका कंपनीचे वायफायही तसेच वापरले गेले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत फिरण्याची मोहीम जाहीर केली होती. घरातून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश इंटरनेटवर दिसणाऱ्या एकाच सार्वजनिक पत्त्यावरून जातो आणि तो पत्ता जोडणीधारकाच्या नावावर असतो, हे वडील नेमके ओळखून होते. तरीही समोरची व्यक्ती कोण आणि तिला प्रवेश कसा मिळाला हे ठाऊक नसताना तक्रार करू नये, असे आम्ही ठरवले. मागे वळून पाहता या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता.

प्रत्यक्षात काय केले

प्रथम मुलाने घातलेले सगळे अडसर काढले. मग राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातील, आणि घरातील यंत्रे एकेक करून जोडत यादी हाताने वहीत लिहीत गेलो. आठ अनोळखी नोंदींपैकी दोन मुलीच्या आणि मुलाच्या फोनच्याच दुसऱ्या पट्टीवरील नोंदी निघाल्या. चिनी नावाने घाबरवणारी नोंद एस्प्रेसिफ या शांघायच्या चिप बनवणाऱ्या कंपनीची होती. तिच्या चिप असंख्य स्मार्ट प्लग आणि दिव्यांत असतात, आणि मुलाने दीड वर्षापूर्वी गिझरसाठी बसवलेला प्लग तो स्वतःच विसरला होता. चौथी नोंद स्वयंपाकघरातील अभंगांच्या फोनची. पाचवी, आदल्या दिवशी जेवायला येऊन गेलेल्या भाच्याच्या फोनची. उरल्या तीन: एक टीव्ही आणि दोन फोन.

हे तिन्ही रात्री नऊच्या सुमारास येत आणि अकरानंतर जात. राउटरच्या पानावर त्यांच्या संकेताची ताकदही दिसत होती. राउटर बैठकीच्या खोलीच्या एका भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीशी नेला तेव्हा त्या टीव्हीचा संकेत स्पष्टपणे घसरला. म्हणजे तो वरच्या मजल्यावर नव्हता, तर पहिल्या भिंतीच्या पलीकडे, शेजारच्या घरात होता. आईचा संशय चुकीच्या दारावर गेला होता.

रविवारी सकाळी वडील एकटेच शेजारी गेले. काय बोलायचे हे आम्ही आदल्या रात्री ठरवले होते: आरोप करायचा नाही, फक्त पासवर्ड बदलत असल्याचे सांगायचे. वडील म्हणाले, “भाऊ, आज आमच्या वायफायचा पासवर्ड बदलतोय. तुमचं काही जोडलेलं असेल तर अडचण नको, म्हणून सांगायला आलो.” शेजारचे गृहस्थ ओशाळले नाहीत, उलट मोकळेपणाने म्हणाले, “हो दादा, अण्णांनीच दिला होता ना! लॉकडाऊनमध्ये पोराची ऑनलाइन शाळा सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे नेट नव्हतं. तोच चालतोय अजून.”

वडील परत आले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. २०२० मध्ये अण्णांनी सातवीतल्या एका मुलाला शाळेसाठी दिलेला पासवर्ड तो मुलगा बारावीत पोहोचेपर्यंत चालत राहिला होता, आणि शेजाऱ्यांनी नवा टीव्ही घेतल्यावर सवयीने त्यातही भरला गेला होता. दिलेल्या परवानगीला कधी मुदत घातली गेली नाही आणि ती परवानगी घरातल्या इतर कोणाला ठाऊक नव्हती. आम्ही तक्रार केली असती तर ती अण्णांच्याच शब्दाविरुद्ध झाली असती.

त्यानंतर राउटरचे काम हाती घेतले. पहिल्यांदा राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलला, जो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि अजूनही तळाच्या चिकटपट्टीवर छापलेलाच होता. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर. मग डब्ल्यूपीएस बंद केले. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून जोडण्याच्या या सोयीतील दोष २०११ च्या अखेरीस उघड झाला: पिनचा शेवटचा अंक तपासणीचा असतो आणि उरलेले अंक चार व तीन अशा दोन तुकड्यांत वेगवेगळे तपासले जातात, त्यामुळे एक कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय चालू होती, तीही बंद केली.

नव्या पासवर्डविषयी मी आग्रही होतो. दहा अंकी मोबाइल क्रमांक मोठा वाटतो, परंतु आपल्याकडे तो ६ ते ९ याच अंकांनी सुरू होत असल्यामुळे एकूण शक्यता ४०० कोटी इतक्याच. जोडणीच्या क्षणी होणारी देवाणघेवाण हवेतून टिपून घेतलेला माणूस पुढचे प्रयत्न आपल्या घरी बसून करू शकतो, राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. सेकंदाला पाच लाख प्रयत्न धरले तरी या शक्यता सव्वादोन तासांत संपतात. अर्थात ज्याने सूचनाफलक वाचला आहे त्याला एकच प्रयत्न पुरेसा होता. आम्ही एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत घेतले. त्यांतील एक आईने सुचवला.

सुरक्षेचा प्रकार निवडताना माझा अंदाज चुकला. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही वायफायची सुरक्षापद्धत २००४ च्या डब्ल्यूपीए२ पेक्षा सरस आहे, कारण त्यात वर सांगितलेला घरबसल्या अंदाज बांधण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून मी केवळ डब्ल्यूपीए३ निवडले, आणि प्रिंटर, कॅमेरा, प्लग व वडिलांचा फोन असे चारही बाहेर पडले. शेवटी दोन्ही चालतील असा मिश्र प्रकार ठेवावा लागला. दोन पट्ट्यांची दोन नावे काढून एकच नाव केले, म्हणजे यादीत एक फोन एकदाच दिसेल. ते नाव मात्र बदलले नाही. अण्णांनी ठेवलेले आहे, असे वडील म्हणाले, आणि पासवर्ड बदललेला असताना नाव तेच राहिल्याने सुरक्षेत काही उणे पडत नव्हते.

पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे सुरू केले, जेथील यंत्रे घरातील लॅपटॉप किंवा प्रिंटरपर्यंत पोहोचू शकत नाहीत. कॅमेरा आणि प्लग तेथे हलवले. टीव्हीही हलवला होता, पण मग फोनवरचे चित्र टीव्हीवर पाठवता येईना. आईने दोन दिवस तक्रार केल्यावर टीव्ही मूळ जाळ्यात परत आला. सुरक्षेसाठी लोकांना रोज खुपणारी गैरसोय लादली तर ते आठवड्याभरात स्वतःच पळवाट काढतात, असा माझा अनुभव असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

सर्वांत अवघड प्रश्न शेजारच्या मुलाचा होता. बारावीचे वर्ष, शिकवणीचे तास फोनवर. वडिलांना त्याची जोडणी तोडवेना. पाहुण्यांच्या जाळ्याचा पासवर्ड द्यावा असे त्यांनी सुचवले, तेव्हा मी विरोध केला: पाहुण्यांचे जाळे घरातील यंत्रांचे रक्षण करते, परंतु बाहेर जाताना पत्ता तोच राहतो आणि जबाबदारीही तीच. वडिलांनी ऐकून घेतले आणि तरीही एक महिन्यापुरता पासवर्ड द्यायचे ठरवले. या वेळी मात्र तारीख ठरवून, शेजाऱ्यांना ती सांगून, आणि फक्त मुलाच्या फोनसाठी. मला तो निर्णय पटला नव्हता. आजही पूर्णपणे पटलेला नाही, पण तो माहितीअभावी घेतलेला नव्हता.

निष्पत्ती

शेजाऱ्यांनी एकोणिसाव्या दिवशी स्वतःची जोडणी घेतली आणि त्याच संध्याकाळी पाहुण्यांचा पासवर्ड बदलला गेला. घराच्या यादीत आता अकरा नोंदी आहेत आणि प्रत्येकीपुढे राउटरमध्येच मराठी नाव लिहिलेले आहे: “गिझरचा प्लग”, “आईचा अभंगांचा फोन”. मुलगा महिन्यातून एकदा यादी वहीशी ताडून पाहतो.

मुलीच्या बैठका सुधारल्या, पण पूर्णपणे नाही. त्यानंतरही दोनदा चित्र गोठले. तपासल्यावर आढळले की तिचा लॅपटॉप बहुतेक वेळ २.४ गिगाहर्ट्झवरच राहत होता, आणि त्या पट्टीत एकमेकांना न छेदणाऱ्या १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्यांवर आसपासच्या घरांची दोन डझनांहून अधिक राउटर गर्दी करत होती. लॅपटॉपला राउटरपासून तार टाकली आणि त्रास थांबला. ज्या लक्षणामुळे हे सारे सुरू झाले त्याचे मुख्य कारण अनोळखी यंत्रे नव्हतीच, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

वेगळे काय करता आले असते

राउटर बंद करून सुरू करण्याआधी मी त्याच्या घडामोडींच्या नोंदीची छायाचित्रे घ्यायला हवी होती. त्या राउटरमध्ये ती नोंद वीज जाताच पुसली जाते. तिन्ही यंत्रांचा उलगडा झाला खरा, परंतु त्याआधीच्या आठवड्यांत आणखी कोणी येऊन गेले होते का, याचे उत्तर माझ्या घाईमुळे कायमचे गेले. ही चूक माझी आहे आणि कामाच्या ठिकाणी मी ती केली नसती. घरचे काम म्हणून शिस्त सैल पडली.

मुलाने पहिल्या रात्री अडसर घातले नसते तर मुलीची सकाळ वाचली असती. पण त्याला दोष देता येत नाही, कारण राउटरचे पान “अडवा” हे बटण ठळकपणे पुढे करते आणि त्या बटणाची मर्यादा कोठेही सांगत नाही. आईने वरच्या मजल्यावरच्या बाईंशी दोन आठवडे बोलणे टाकले होते. शेजारचा उलगडा झाल्यावर ती स्वतः पुरणपोळ्या घेऊन वर गेली, कारण मात्र तिने सांगितले नाही.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. दारावरच्या कॅमेऱ्याच्या प्रणालीला तीन वर्षांत एकही सुधारणा आलेली नाही आणि कंपनीकडून ती येण्याची चिन्हे नाहीत. तो पाहुण्यांच्या जाळ्यात वेगळा पडला असला तरी त्याने टिपलेले चित्र बाहेर जातेच. तो काढावा असे माझे मत आहे. दाराशी कोण आले ते दिसत असल्यामुळे आईला तो हवा आहे. दिवाळीच्या बोनसमधून नवा घेण्याचे मुलीने कबूल केले आहे, तोपर्यंत त्याचे तोंड जिन्याकडे न ठेवता फक्त आपल्या उंबरठ्याकडे वळवले आहे.